कोरडा अभ्रा

प्रिय खारू,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोनवर तू "बरं आहे, ठेवते" म्हणतेस आणि खरंच ठेवतेस, म्हणून लिहायला बसले. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी उघडावं लागतं. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. शाळा तिसरीपर्यंतची, पुढचं वाचन हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात गाठोड्यांवरचे शिक्के वाचून शिकले. चुका दिसतील त्या तू दुरुस्त करून घे. लहानपणापासून माझ्या चुका काढण्यात तुझा हात कुणी धरला नाही.

बातमी अशी की काल आपल्याकडे फोटोवाली येऊन गेली. धाकट्याच्या मुलीचे फोटो काढायला. मुलगी नऊ आठवड्यांची झाली. अंगाने काडी आणि हातपाय सारखे चालू, म्हणून मी तिला मुंगी म्हणते. आईबापांनी नाव चांगलं शोधून ठेवलंय, पण ते उच्चारायला मला कवळी लावावी लागते. आता फोटो काढायला दुकानात जात नाहीत, फोटोवालीच घरी येते. आणि म्हणते काय, तुम्ही काही करू नका, घरात जसे असता तसे राहा, मी आपली कडेला बसून काढते. तुझ्या भावजयीला सातवा महिना होता तेव्हा तिनेच ही बाई शोधली होती. मला फोनवर चित्रं दाखवली. बिछान्यात लोळणारी माणसं, केस विस्कटलेले, अंगावर पोर, आणि सगळे खिदळतायत. मी विचारलं, ह्यांच्याकडे पाणी येत नाही का, आंघोळ करून का नाही बसले? सूनबाई पोट धरून हसली. धाकटा आतून ओरडत आला, अगं सांभाळ, आत्ताच होईल. ते हसणं मी लक्षात ठेवलं, कारण नंतर बरेच दिवस तेवढंच होतं.

बाळंतपण नीट झालं. बाळ नीट, आई नीट, टाके नीट. घरी आल्यावर मात्र सूनबाईने पहिल्यांदा तोंड उघडलं ते, फोटोवालीला नको म्हणून कळवा, एवढं सांगायला. तेव्हापासून ती मुंगीला पाजायची, पुसायची, दुपटं बदलायची, सगळं वेळच्या वेळी, गिऱ्हाइकाला सामान बांधून द्यावं तसं. आणि पाळण्यात ठेवून भिंतीकडे तोंड करून पडायची. पोरीशी एक शब्द नाही. आपण मांजरीशी बोलतो, कुंडीतल्या झाडाशी बोलतो, अडकलेल्या खिडकीला शिव्या घालतो, पण ही स्वतःच्या लेकराला अगं नाही की बाई नाही. धाकट्याला म्हटलं, हे बरोबर नाही. तो म्हणाला, थकलीय गं. मी म्हटलं, थकलेली बाई झोपते, ही झोपत नाही. तर म्हणे तुला काय माहीत, तू तर बाहेरच्या खोलीत झोपतेस.

मला माहीत होतं ते अभ्र्यावरून. धुलाईखान्यात एकतीस वर्षं माझ्याकडे बाळंतिणींच्या वॉर्डचं गाठोडं होतं. घामाने भिजलेला अभ्रा मधोमध भिजतो आणि पिवळा पडतो. रडून भिजलेला एका कडेला भिजतो, भिंतीच्या बाजूला, आणि वाळला की तेवढीच कड हाताला कडक लागते, जणू हलकी खळ घातलीय. आम्ही बायका त्याला कडेचा अभ्रा म्हणायचो. असला की वेगळा भिजत घालायचो, म्हणजे कड मऊ पडते. त्यापलीकडे कुणी काही केलं नाही. वर जाऊन त्या पलंगावर कोण आहे बघावं, असं एकीच्याही डोक्यात आलं नाही. घरात आता मशीन आहे, पण अभ्रे मी अजून हातानेच धुते, खोड म्हण. मुंगीच्या चौथ्या आठवड्यात सूनबाईच्या उशीचे सात अभ्रे सात दिवस मी धुतले. सातही कडेचे.

आठव्या दिवशी धाकटा जेवत होता, त्याच्या ताटाशेजारी मी तो अभ्रा न धुता ठेवला आणि म्हटलं, हात लाव. त्याने लावला. मग ताट तसंच टाकून उठला आणि डॉक्टरीणबाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो, मुंगी धरून चार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार आहे, पुष्कळ जणींना होतो, औषध आहे, बोलायला एक बाई आहेत, वेळ लागेल पण निघेल. त्याला नावही आहे. ते मला लिहिता येत नाही, पण ऐकून घेतलं. मग मला विचारलं, आजी, तुमच्या घरात असं कुणाचं झालेलं तुम्ही पाहिलंय का? मी समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. धाकटा म्हणाला, नाही हो, आमच्याकडे कुणाचं नाही. तो तेव्हा बाहेरगावी शिकत होता, त्याला काय ठाऊक. निघताना बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तिला बाकीच्या बायकांची उदाहरणं देऊ नका, उठ म्हणू नका, हस म्हणू नका, काही लागलं तर हातात द्या आणि गप्प राहा. मला पाच मिनिटं बघितलेली बाई, पण माझी जीभ बरोबर ओळखून होती.

गप्प राहणं माझ्या रक्तात नाही. मग मी युक्ती केली. कपडे वाळत घालताना तोंडात चिमटा धरतो की नाही, तसा सूनबाईच्या खोलीत जाताना मी लाकडी चिमटा दातांत धरून जायला लागले. चहा ठेवायचा, बाहेर यायचं. दुपटी उचलायची, बाहेर यायचं. चिमट्यावर कवळीचे असे वळ उठलेत की उंदराने खाल्ला वाटावं. पाच आठवडे मी असे काढले. एकदा तिनेच विचारलं, आई, तुम्ही तोंडात चिमटा का धरता? मी चिमटा काढून म्हटलं, दात दुखतायत. ती म्हणाली, तुमचे दात तर वाटीत आहेत. आणि परत भिंतीकडे वळली. पण खोडी काढली ना, म्हणजे माणूस आत कुठेतरी जागं आहे, असा मी हिशोब केला.

मागच्या आठवड्यात ती आपणहून म्हणाली, त्या फोटोवालीला बोलवा. बाळ पुन्हा एवढं लहान राहणार नाही. मी फोटोत येईनच असं नाही, बाळाचे काढू दे. धाकटा त्या दिवसापासून मांजरीच्या पावलांनी घरात फिरायला लागला. फोटोवालीने काय काय करा त्याचा कागद पाठवला, तो त्याने मला वाचून दाखवला. फिकट रंगाचे कपडे घाला. मोठी फुलं नकोत. खोली उबदार ठेवा. बाळाला आधी पोटभर पाजा. बिछाना खिडकीजवळ ओढा. पसारा आवरू नका. कॅमेऱ्याकडे बघू नका. सगळं ठीक, पण पसारा आवरू नका? परकी बाई घरात येणार आणि आपण पसारा मांडून बसायचं? मी हो म्हटलं, आणि धाकटा कामावर गेल्यावर पदर खोचला. खिडक्या पुसल्या, पडदे धुतले, फिकट रंगाचं जे म्हणून घरात होतं ते बादलीत घातलं. त्याचा पांढरा सदरा-पायजमा, तिचा मोतिया झगा, बिछान्याची चादर. आणि सवयीने, खारू, हात कुणाचे ऐकतात, प्रत्येकाला दाट खळ दिली. मग एकतीस वर्षांची सगळी विद्या पणाला लावून इस्त्री फिरवली. चादर अंथरली तर पलंगावर नवा ओटा बांधल्यासारखी दिसली. मी मागे सरून बघितलं आणि मला भरून आलं.

काल सकाळी फोटोवाली आली. उंच, किडकिडीत, दारात बूट काढले तर एका मोज्याला अंगठ्याशी भोक. म्हटलं, ही आपल्यातली. कॅमेरा पिशवीत ठेवून ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली, चहा प्यायली, माझ्याशी डाग काढण्यावर बोलली. कामाला आलीय की माहेरपणाला, कळेना. सूनबाई खोलीत, दार लावून. फोटोवाली म्हणाली, असू दे, सावकाश. मग बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ पलंग आणि पाळणा ओढून ठेवला होता तिथे गेली, चादरीला हात लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, आजी, ही घडी घालतात की बिजागऱ्यांवर बंद करतात? सूनबाईचं दार जवळ म्हणून माझ्या तोंडात परत चिमटा होता, नाहीतर तिला उत्तर मिळालं असतं. धाकटा तो सदरा घालून आला. कॉलर कानाला टेकलेली, हात अंगापासून वीतभर लांब, कोपरात वाकेनात. पाळण्यातून मुंगीला घ्यायचं म्हणून तो आधी पलंगाच्या कडेला टेकला. चादर करकरली आणि अख्खी, एका तुकड्यात, फळी सरकावी तशी सरकली. तोही सरकला. धप्पकन जमिनीवर. चादर त्याच्याभोवती उभीच राहिली आणि मधून त्याचं डोकं.

आवाजाने दार उघडून सूनबाई आली. त्याच्याकडे बघितलं. त्याने तिथूनच सांगितलं, मला उठता येत नाहीय, गुडघ्यांनाही खळ आहे. आणि ती हसली. बारीक नव्हे, चौकट धरून, नाकातून पाणी येईपर्यंत. त्या हसण्याने मुंगी दचकली आणि तिने भोकाड पसरलं. मी सवयीने धावले. दोन पावलं गेले आणि थांबले. कशी थांबले ते मला विचारू नकोस, चिमट्याची कुरकुर मला माझ्याच डोक्यात ऐकू येत होती. पोर रडतंय, मी उभी. धाकटा चादरीत. सूनबाईने बाहीने डोळे पुसले, पाळण्याशी गेली, पोरीला उचलून खांद्याशी धरलं आणि म्हणाली, अगं अगं अगं, काही नाही झालं बाई, तो बघ तुझा बाबा, आजीने त्याला इस्त्री केलीय.

नऊ आठवड्यांत पहिल्यांदा. आणि एकदा सुरू झाली ती थांबेना. बाबाला घडी घालून कपाटात ठेवू या का, तुझी आजी तोंडात चिमटा घेऊन फिरते, तिला दोरीवर टांगू या का. पोरीने रडणं सोडून तिच्या ओठांकडे बघत राहावं, इतकी बोलली. मधे कधीतरी फोटोवालीने कॅमेरा काढला होता, मला कळलंच नाही. ती खळीची चादर तिने भिंतीला उभी करून ठेवली आणि विचारलं, घरात एखादं जुनेर आहे का, मऊ? माझ्याकडे इस्त्रीखाली घालायला हॉस्पिटलची बाद झालेली चादर असते, हजार वेळा धुतलेली, कोपऱ्यावरचा शिक्कासुद्धा पुसट झालेला. ती अंथरली. तिघं तिच्यावर लोळले, केस विस्कटलेले, आंघोळ केली होती पण वाटत नव्हती.

लगेच सगळं संपलं असं मी म्हणत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, चांगला दिवस येईल, वाईट येईल, औषध सोडायचं नाही. पण आज सकाळी मी तिचा अभ्रा धुवायला काढला. कडेवरून हात फिरवला, मग दुसऱ्या कडेवरून, मग उलटा करून. कोरडा. मऊ. दुधाचा वास येत होता. मी मोरीच्या कट्ट्यावर बसले आणि नळ तसाच चालू ठेवून नुसती बसून राहिले. पाच आठवडे छातीवर कुणी ओलं गाठोडं ठेवलं होतं ते उचललं, असं वाटलं. त्याच्या खाली दुसरं, जुनं, होतं. ते तुझं. तुझा मुलगा झाला तेव्हा तू तीन महिने आपल्याकडे होतीस आणि भिंतीकडे तोंड करून पडायचीस. मी दारात उभी राहून म्हणायचे, नाटकं पुरे, तुझ्या वेळी मी महिन्याच्या आत कामावर होते. एक दिवस तू पोराला उचललंस आणि गेलीस, आणि अकरा वर्षं झाली, येतेस ती पाहुण्यासारखी, पिशवी न सोडता. तुला वाटत असेल, आईला कळलंच नाही. तेच सांगायला हे पत्र लिहिलं. तुझ्या उशीचे अभ्रेही मीच धूत होते, खारू. रोजचे कडेचे. हाताला कळत होतं, तरी तोंड ते बोलत होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तुझं सांगायला हवं होतं, तेही गिळलं. माफी हा शब्द कुठल्या गाठोड्यावर शिक्का मारून आला नाही, म्हणून मला कधी वाचायला मिळाला नाही. आज सूनबाईला विचारून लिहिते आहे. माफ कर. सोबत एक फोटो ठेवलाय, धाकट्याने आजच छापून आणला, त्यात तोंडात चिमटा धरलेली म्हातारी मी आहे, मागे हसतेय ती तुझी भावजय. मुंगी बसायला लागली की फोटोवाली पुन्हा येणार आहे. पोराला घेऊन ये, आणि ह्या वेळी पिशवी सोड. चिमटा मी तोंडातून काढणार नाही, आणि इस्त्री तर बाईगं कशालाच करणार नाही.

तुझीच, उशिरा गप्प बसायला शिकलेली,
आई