न भुंकणारा सरदार

माघ शुद्ध सप्तमी, शके १८५८. घनसावंगी.

बैलगाडीतून उतरलो तेव्हा अंगावर इतकी धूळ होती की शाळेचा शिपाई कडूबा याने मला मजूर समजून बाजूला हो म्हणून सांगितलं. नवे मास्तर ते हेच, असं कळल्यावर बिचारा ओशाळला आणि पाणी तापवायला धावला. गाव मला पसंत पडलं. जालन्यात मस्तगडच्या खोलीत पाय पसरले की भिंतीला लागत. इथे दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात लिंब. मागच्या खोलीच्या भिंती हातभर जाड मातीच्या, दार एकच. कोपऱ्यात न्हाणी आहे, तिचं पाणी भिंतीखालच्या मोरीतून अंगणात जातं. उजेडाला वर धाब्याच्या छतात एक सवणं, म्हणजे उघडा झरोका, माणूस अंग चोरून निघेल एवढा. द्वारकाला सहावा महिना आहे. तिला आई नाही, त्यामुळे पहिलं बाळंतपण इथेच करायचं. कडूबा शेजारीच राहतो, त्याच्या शेळ्या आहेत, म्हणजे दुधाची सोय झाली.

माघ वद्य पंचमी

आज मी प्रेमात पडलो, तेही कुत्र्याच्या. गावाबाहेर धुळाजी धनगराची मेंढरं बसली आहेत. गोदावरीचं पाणी मोजायला आलेल्या एका गोऱ्या इंजिनेराने आपल्या बर्फाळ मुलखातून एक कुत्री आणली होती. तिकडे म्हणे कुत्री बिनचाकी गाड्या ओढतात. धुळाजीच्या राखणीच्या कुत्र्यापासून तिला हे पिल्लू झालं. साहेब कुत्री घेऊन गेला आणि हे इथे राहिलं. दोन वर्षांचं आहे, राखी-पांढरं, शेपूट पाठीवर वळलेलं, एक डोळा तपकिरी आणि एक निळा. माझ्या छातीवर पाय ठेवून त्याने तोंड चाटलं आणि मी तिथेच निकालात निघालो.

धुळाजीने हातचं राखून ठेवलं नाही. म्हणाला, “मास्तर, हे भुंकत न्हाई. माणसाला कवाच चावायचं न्हाई, चोर आला तरी शेपूट हालवील. पन बारकं जनावर पळालं की याला भान ऱ्हात न्हाई.” आणखी एक गोष्ट त्याने दोनदा बजावली. मेंढी व्याली की तिची वार तो कमरेइतक्या खड्ड्यात पुरतो, वर मीठ आणि बाभळीचे काटे टाकतो. कुत्र्याला त्याची चव लागली की ते त्या वासावर नव्या जिवापर्यंत जातं, असं त्याचं म्हणणं. मी मान डोलावली. आमच्या लोकांच्या समजुती.

नाव ‘नवाब’ ठेवणार होतो, पण नोकरीच नवाबी सरकारची आहे. ‘सरदार’ ठेवलं.

फाल्गुन शुद्ध दशमी

सुताराकडून दोन चाकांची लहान गाडी करून घेतली. सरदारच्या छातीवरून चामड्याचा पट्टा, पट्ट्याला दोऱ्या, गाडीत पाण्याच्या दोन घागरी. ‘ओढ’ म्हटलं की गडी निघाला. विहिरीपासून घरापर्यंत अख्खी शाळा मागे. चढावर गाडी अडली तेव्हा मी मागे खेचून पाहिलं, तर तो आणखी जोर लावून पुढे! याच्या रक्तातच आहे ते: मागे धरलं की पुढे रेटायचं. द्वारकाच्या डोक्यावरची घागर सुटली. मी आज फार सुखात आहे.

संध्याकाळी त्याने कडूबाची कोंबडी धरली. एकदाच मान झटकली, कणा मोडल्याचा आवाज अंगणाच्या या टोकाला आला. कडूबाला दुसरी कोंबडी आणून दिली.

चैत्र शुद्ध नवमी, शके १८५९

ऊन तापलं आहे. एवढी लोकर घेऊन बिचाऱ्याने काय करावं? लिंबाखाली त्याने गुडघाभर खड्डा उकरला आणि गार मातीला पोट लावून पडून राहतो. सहा दिवस भाकरीला तोंड लावलं नव्हतं, फासळ्या दिसायला लागल्या होत्या. आज कडूबाची शेळी व्याली, दोन करडं झाली. तो वार पुरायला निघाला होता, ती मी मागून घेतली. कडूबा कां-कू करत होता. मी त्याला म्हटलं, शिकलेल्या माणसाने मिठाला आणि काट्याला भ्यायचं का. फुटक्या परातीत टाकली. सरदारने ती चाटूनपुसून खाल्ली आणि माझे हात कोपरापर्यंत चाटले.

चैत्र शुद्ध द्वादशी

दोरी तोडून गेला. कडूबाची दोन्ही करडं मेली. शेळी मध्ये पडली असावी, तिचं पोट गळ्यापासून फाडलं होतं आणि ती अजून पाय झाडत होती. कडूबाने तिला स्वतः कापून सोडवलं. सरदारने खाल्लं काहीच नाही. दोन्ही करडं शेजारी शेजारी ठेवून तो निवांत बसला होता. मला बघून शेपूट हलवलं.

मी कडूबाच्या पाया पडलो. त्याने मेलेली करडं उचलली आणि पुरायला निघाला, तेच जास्त लागलं.

चैत्र वद्य अष्टमी

लोखंडी साखळी आणली होती. खुंटा उपटून साखळीसकट गेला. धुळाजीच्या वाड्यात व्यायला आलेल्या मेंढ्या होत्या. अकरा कोकरं मारली. राखणीचं कुत्रं, याचा बापच तो, आडवं आलं. त्याचा गळा धरून याने त्याला वाड्याभोवती फरफटत फिरवलं, ते मेल्यावरही सोडलं नाही. धुळाजीची काठी याच्या पाठीवर मोडली.

धुळाजीने विचारलं, वार कुणी दिली. मी खरं सांगितलं. तो खाली बसला. मग म्हणाला, “मास्तर, आजच्या आज मारून टाका. तुमच्या घरी बाई हाये.”

हातात कुऱ्हाड घेऊन मी लिंबापर्यंत गेलो होतो. त्याने निळा डोळा वर करून पाहिलं आणि छातीवरचा पट्टा पुढे केला, गाडीला जुंपायला. मला नाही जमलं. लिंबाच्या बुंध्याला दुहेरी साखळीने बांधलं आहे. बाळंतपण झालं की जालन्याला नेऊन सोडीन.

वैशाख शुद्ध तृतीया

मुलगी झाली! दोघी सुखरूप. मी तिच्या मुठीत बोट दिलं तर तिने सोडलंच नाही.

सुईण तुळजाबाईने मडक्यात वार दिली, अंगणात खोल पुरा म्हणाली. वैशाखातली जमीन, कुदळ टणकन उडून यायची. तळहाताला फोड आले. साखळी आखडून सरदारला बुंध्याच्या पलीकडे बांधला आणि त्याच्याच खड्ड्यातली माती भुसभुशीत होती, तिथे हातभर आणखी खणून मडकं ठेवलं, वर माती आणि पाटा ठेवला. मीठ मागितलं नाही. मागितलं असतं तर कडूबासमोर माझं चुकलं असं झालं असतं.

वैशाख शुद्ध पंचमी

पाटा उलटा पडला आहे. मडकं मागच्या खोलीच्या दाराशी, आतून चाटून स्वच्छ. साखळी सोलवटलेल्या बुंध्यावरून निसटलेली. सरदार मोरीच्या तोंडाला नाक लावून बसला आहे. द्वारका न्हाली, तिचं पाणी तिथून बाहेर येतं.

त्याच्या नजरेत राग नाही. त्याचीच मला भीती वाटते.

पुन्हा बांधला आहे. उद्या कडूबा अंबडहून बंदूकवाल्याला आणणार होता, पण तो सप्तमीला मिळेल म्हणे.

वैशाख शुद्ध सप्तमी, सकाळी

आज पाचवी पूजायची. कडूबाचं घर सोडलं तर सगळं गाव अंतरवालीला लग्नाला गेलं आहे. बाळाला न्हाऊ घालून तुळजाबाई ओले कपडे घेऊन अंगणात आली आणि साखळी तुटली. त्याने कपड्यांचं गाठोडं धरलं. तिने सोडलं नाही. मग त्याने मनगट धरलं. माणसाला चावत नाही म्हणे! दोन बोटं अंगणात पडली. ती तशीच धुळाजीच्या वाड्याकडे पळाली आहे, चार मैल.

मी कुऱ्हाड मारली. खांद्यावर लागली. त्याने आवाजही काढला नाही. फक्त आता मला ओळखत नाही.

कडूबा काठी घेऊन धावत आला. आमच्यासाठी आला. गळा— मी दारातून पाहिलं. त्याला ओढत लिंबापर्यंत नेलं, पट्ट्याने गाडी ओढायचा तसा, मान खाली घालून.

आम्ही तिघं मागच्या खोलीत. दार लावलं आहे. उजवा हात फाटला आहे, डाव्याने लिहितो.

दुपार

दाराकडे तो आलाच नाही. मोरी उकरतो आहे. माती ओली आहे, भिंत तिथेच मऊ.

भोकावर उखळ ठेवलं. ते बाहेर ओढलं गेलं. उखळ!

कडूबा मेला. मीठ मागितलं असतं तर.

द्वारकाला सांगितलं, बाज उभी कर, कणगीवर चढ, सवण्यातून धाब्यावर जा. पाच दिवसांची बाळंतीण. रडते आहे. मी ओरडलो तिच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा.

डोकं आत आलं. कुऱ्हाड तिकडे अंगणात राहिली. दोन्ही पाय मोरीत घालून, पाठ खांबाला टेकून बसलो आहे. आता भोक बंद आहे. मी आहे तोवर बंद आहे.

द्वारका कणगीवर.

पोरगी वर गेली. धाब्यावरून रडणं ऐकू येतं. छान मोठा आवाज आहे.

द्वारकाचे हात पोचले. कंबर अडकली. घाई नको म्हटलं. मला खूप वेळ आहे म्हटलं.

टाच धरली त्याने. पट्ट्याची कडी वाजते. पाय मागे घ्यायचा नाही. मागे घेतला की तो जास्त— मीच तर

कंबर सुटली. तिचे पाय दिसत नाहीत. गेली वर, दोघी

भुंकत नाही. खांब सुटतो आहे हातातून. मान खाली घातली असेल त्याने आता, आणि ओढ