जहागीरदारांचा गालिचा

२ डिसेंबर १९७३, रविवार
ह्यांनी गालिचा आणला. विचारणं नाही, सांगणं नाही. टांग्यातून उतरवला तेव्हा कळलं. नागाळा पार्कात कुणा जुन्या जहागीरदारांच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं होतं, तिथून. लाल-निळा, काठाला वेलबुट्टी, बाहेरची खोली भरून उरेल एवढा. डोळ्यांत भरतो हे खरं.
उलगडला मात्र, आणि मी पदर नाकाला लावला. "जहागीरदारांचं कुत्रं झोपायचं म्हणे त्यावर. ऊन दाखवलं की जाईल." हे असं म्हणाले, माझ्याकडे न बघता. शिरोलीला फौंड्रीच्या ऑफिसात सगळ्यांना आधीच सांगून झालेलं दिसतंय.
यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू आपल्याकडे. शाळेतल्या सगळ्या बाई येणार. त्यांना चटईवर बसवायचं माझ्याही जिवावर आलं होतंच. म्हणून फार बोलले नाही.

६ डिसेंबर
काठीनं झोडपला. राख पसरून झाडली. कडुलिंबाचा पाला घालून गुंडाळून ठेवला. आज ऊद घातला. आता ऊद घातलेल्या कुत्र्याचा वास येतो.
हे म्हणतात, "मला काही येत नाही वास." ह्यांना दूध उतू गेलेलंही कळत नाही.

१० डिसेंबर, सोमवार
शेजारच्या अक्काताईंच्या अण्णासोचं लग्न काल नेसरीला झालं. रात्री वरात आली, आज सकाळी सून दिसली. शालन. सतरा-अठरा वर्षांची असेल. हिरव्या चुड्यानं हात भरलेले आणि तशातच शेण काढत होती.
अ.ता. खुशीत. नवरा गेल्यापासून चंद्री म्हशीच्या जिवावर पोरगा वाढवला त्यांनी. निम्मी गल्ली त्यांच्या गोठ्यात चरवी घेऊन उभी असते, आम्हीसुद्धा. आमच्या परड्याची आणि त्यांच्या गोठ्याची भिंत एकच. "बाई, लक्षुमी आलीया घरात," म्हणाल्या. चंद्री नुकती व्यालेली, दूध भरपूर, त्यात सून. मलाही बरं वाटलं.

१६ डिसेंबर, रविवार
शेवटी धुवायला काढला. धुण्याचा सोडा, रिठ्याचं पाणी, लिंबं. एकटीला उचलेना. भिंतीवरून शालन म्हणाली, "मी धरतो की बाई एक टोक." ही नेसरीकडची मुलींची बोली, ऐकायला गोड. आली, पदर खोचला, पायांनी तुडवला, हातांनी चोळला. कामाला वाघ आहे पोरगी.
पण पाणी पडल्यावर जो वास उठला. बाप रे. कोरडा असताना झोपला होता, पाण्यानं जागा झाला. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. ह्यांचं जहागीरदारी कुत्रं काय खायचं देव जाणे.
शा. हसत होती. "हे कसलं कुत्रं वो बाई?"
दोघींनी मिळून मधल्या भिंतीवर वाळत घातला. अर्धा आमच्या बाजूला, अर्धा गोठ्यावर. अ.ता. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की, भीत काय खातीया व्हय."

१८ डिसेंबर
चंद्रीनं पान्हा चोरला. सकाळी गेले तर सगळे रिकाम्या चरव्या घेऊन उभे. आंबोणाला तोंड लावत नाही, कान ताठ, सारखी दावं ओढते. चार घोट दूध निघालं ते रेडकालाच.
गालिचा अजून ओला. रोज संध्याकाळी शा. येऊन उलटा करायला मदत करते, मग तशीच हात झटकत गोठ्यात जाते.

२० डिसेंबर, गुरुवार
आज वाईट झालं. शालन धार काढायला बसली आणि चंद्रीनं लाथ घातली. बादली उडाली, पोरीच्या मांडीवर काळानिळा वळ. अ.ता. स्वतः बसल्या तर म्हैस निदान उभी तरी राहिली. शालन दोन पावलं जवळ आली की फुरफुरायला लागे. सगळ्यांनी बघितलं. मीही बघितलं.
अ.ता. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिचा पाय घरात पडला आन् म्हस आटली. जनावराला कळतंय. मानसाला उशिरा कळतंय."
मी चरवी घेऊन उभी होते. शाळेत पोरींना विज्ञान शिकवते मी. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला तोंड घाला, असं म्हणून घरी आले.

२३ डिसेंबर
पलीकडे मीठ-मोहऱ्या, मिरच्या. चंद्रीची दृष्ट काढली, मग सुनेची. मिरच्यांचा ठसका आमच्या स्वयंपाकघरापर्यंत. फरक शून्य.
आमच्या पायरीवर झोपणारं मोत्या कुत्रं आठवड्यात फिरकलं नाही. बरं झालं, पायरी स्वच्छ राहिली.
फिनेल घातलं गालिच्याला. आता फिनेल आणि ते, असे दोन वास.

२६ डिसेंबर, बुधवार
हे गालिचा कंपनीच्या टेंपोतून शिरोलीला घेऊन गेले. तिथे जोराच्या पाण्याचा पाइप आहे, त्यानं धुऊन पत्र्याखाली वाळवणार. जाऊ दे एकदाचा.
टेंपो गल्लीतून निघाला आणि त्याच्या मागोमाग अण्णासो आणि शालन. हातात ट्रंक. मला वाटलं, गावात निघालीत.
"कुठं गं?"
"नेसरीला." खाली बघून.
अ.ता. दारातून, "म्हस सुदारली की बगू."
लग्नाला अजून तीन आठवडेही झाले नाहीत. पोरीची पहिली संक्रांत तोंडावर. काळी साडी आणून ठेवली होती अ.तां.नी, मला दाखवली होती. अण्णासो आईपुढे तोंड उघडत नाही. ट्रंक मात्र त्यानंच उचलली होती.
 

२८ डिसेंबर
चंद्रीनं पान्हा सोडला. बादली भरून. जसं काही झालंच नव्हतं.
अ.ता. "बगितलासा? म्या म्हणलं नव्हतं?" सगळी गल्ली माना डोलावते आहे.
खरं लिहायचं तर आज क्षणभर माझ्याही मनात आलं, असेल बाई काही. बी.एस्सी.ची पदवी भिंतीवर आहे माझ्या. इथे लिहिताना लाज वाटते, पण आलं मनात.

३ जानेवारी १९७४
शाळा. पेपर तपासणं. तिळगुळाचं सामान आणलं.
मोत्या पायरीवर परत आलाय. हाकलला.

६ जानेवारी, रविवार. दुपार

काल संध्याकाळी गालिचा शिरोलीहून परत आला. दमट होता म्हणून पुन्हा भिंतीवर टाकला. वास कमी, पण आहे. आज सकाळी चंद्रीनं दूध दिलं नाही. दावं ओढून ओढून मानेला वळ. अ.ता. चक्रावल्या, "आता कुनाची नजर?" मला वाटलं, म्हैस आजारीच असेल.
दुपारी ह्यांच्या ऑफिसातले माने आले. चहा घेऊन बाहेर येत होते तर माने म्हणाले, "वहिनी, तो बिबट्याचा गालिचा कुठाय? साहेबांनी ऑफिसात काय वर्णन केलंय."
मी म्हटलं, "कशाचा?"
"बिबट्याचा. जहागीरदारांनी पिल्लू असल्यापासून वाढवला होता घरात. गळ्यात साखळी, बैठकीत त्याच गालिच्यावर बसायचा. म्हातारा झाल्यावर म्हणे सगळं तिथंच. मेलाही त्यावरच."
कपबशी हातात तशीच. मी ह्यांच्याकडे बघितलं, हे खिडकीतून बाहेर.
"तुला सांगितलं असतं तर घरात घेऊ दिला असतास?"
हातांनी चोळून धुतला आम्ही तो. पायांनी तुडवला. आणि मग एकदम डोक्यात लख्ख झालं. मोत्या. चंद्री. गालिचा भिंतीवर आला तेव्हा आटली, शिरोलीला गेला तेव्हा सुधारली, काल आला, आज पुन्हा. आणि शालनच्या हातापायांना, साडीच्या ओल्या काठाला तोच वास, ती तशीच गोठ्यात जायची. म्हैस तिला नव्हती घाबरत. बिबट्याला घाबरत होती.
मानेंना तसंच बसवून पलीकडे गेले.

त्याच दिवशी, संध्याकाळ
अ.तां.ना पटेना. "बिबट्या? मंगळवार पेठंत?" मी सांगत राहिले. शेवटी त्यांनी भिंतीवरचा गालिचा ओढला, कोपरा मुठीत धरला आणि चंद्रीच्या तोंडापुढे नेला.
खुंटा उपटला तिनं. रेडकू एकीकडे, बादल्या एकीकडे. एवढी सात-आठ वर्षांची जुनी म्हैस, अ.तां.ना ओळखेना.
मी गालिचा ओढत ओढत आमच्या न्हाणीमागं लांब नेऊन टाकला. परत आले तर अ.ता. गोठ्यात उकिडव्या बसलेल्या. मुठीचा वास घेत होत्या.
"म्हंजे पोरीच्या हाताला ह्योच वास हुता."
"हो."
"आन् म्या तिला..."
मला रडू आलं, त्यांना नाही. त्यांनी उठून चंद्रीला बांधलं आणि हात धुतले. पुष्कळ वेळ धुतले.

८ जानेवारी
ह्यांच्याशी बोलत नाही. जेवायला वाढते.
चंद्रीनं दूध दिलं. अ.तां.नी आज गल्लीला सगळ्यांसमोर सांगितलं, सुनेचं काही नव्हतं, वास होता. काही जणी हसल्या. एक म्हणाली, असंल, पण सून गेल्यावरच सुधारली न्हवं. तिला मी गालिच्याचं सगळं पुन्हा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दूध घेऊन गेली.

१३ जानेवारी, रविवार
अ.तां.बरोबर नेसरीला जाऊन आले. त्यांनीच म्हटलं, "चला बाई, तुमी सांगा, तुमाला सांगता येतंय." एस.टी.त सगळा वेळ काळ्या साडीचं गाठोडं मांडीवर.
शालनच्या आईनं पाट मांडला, चहा दिला. बाप रानात गेलेला. शा. दाराशी उभी. बारीक झालीय. मांडीवरचा वळ अजून दुखतो का विचारलं, मानेनंच नाही म्हणाली.
मी सांगितलं सगळं. बिबट्या, जहागीरदार, पाणी पडल्यावर जागा झालेला वास. शाळेत शिकवते तसं सांगितलं. अ.ता. मधे फक्त एकदा बोलल्या, "माजं चुकलं." एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, ऐकू येईना इतकं हळू. साडी पुढे सरकवली. "चल घरला. उद्याची संक्रांत हाय."
शा. सासूला म्हणाली, "अक्का, जनावर हाय ते. आज न्हाय तर पुढल्या साली आटणारच की. तवा कुनाचा पाय म्हनशिला?"

मग माझ्याकडं वळली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "बाई, तुमाला बिबट्याचं ठाव नव्हतं, खरं हाय. पर पायगुण खोटा, हे तर ठाव हुतं की. त्या दिवशी तुमी चरवी घिऊन उभ्या हुतासा."
चहा गार होऊन साय आली होती, ती बघत बसले.
साडी तिच्या आईनं फळीवर ठेवली. घेतली असंही नाही, परत केली असंही नाही.
येताना एस.टी.त, कागलच्या पुढे आल्यावर, अ.ता. म्हणाल्या, "खोटं न्हाय बोलली."

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत
हळदीकुंकू झालं. सगळ्या चटईवर बसल्या, कुणाचं काही बिघडलं नाही. एक बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे गालिचा आणलाय ऐकलं." म्हटलं, आहे, मागं आहे.
न्हाणीमागं गुंडाळून पडलाय. त्याचं काय करायचं कळत नाही. हे म्हणतात, कुणाला तरी देऊन टाकू. सांगून दिला तर कुणी घेणार नाही, न सांगता द्यायची आता माझी छाती नाही. जाळायला गेलं तर वास सगळ्या गल्लीभर, आणि चंद्री भिंतीपलीकडे.
ह्यांना आज तिळगूळ दिला. बोलले मात्र नाही अजून.
अण्णासो दुपारच्या गाडीनं नेसरीला गेला. आईला सांगून नाही, आईला विचारूनही नाही. तिला सोडून येताना परत आणलेली ट्रंक रिकामीच घेऊन गेलाय म्हणे. अ.ता. मघाशी दुधाचा तांब्या स्वतः घेऊन आल्या, दारातच थांबल्या. मला विचारलं, "शेवटची गाडी कवा येती वो बाई?"
मला माहीत नव्हतं. त्या तशाच पायरीवर बसल्या, मोत्याशेजारी. मीही चटई गुंडाळायची सोडून जाऊन बसले.