कानामागचा काळा डाग

दि. ९ मार्च

चिरंजीवास,
तुझ्या आईच्या माघारी तिच्या वाटणीचे आशीर्वादही मलाच लिहावे लागतात. दोघांचे घ्यावेस.

येथे सर्व ठीक. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. अक्षरे पुन्हा काळीभोर दिसतात. स्नानगृहातला नळ गळतोच आहे. खालच्या मजल्यावर चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक मुलगी राहायला आली आहे, वय चोवीस. ती दोन्ही वेळा माझ्या डोळ्यांत औषध घालते आणि जाताना माझी थट्टा करून जाते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला मैत्रीण मिळाली, असे म्हणावयास हरकत नाही.

गेल्या रविवारी तिने मला आग्रहाने चित्रपटास नेले. कथा पन्नाशीला टेकलेल्या एका गृहस्थाची. नोकरी जाईल या धास्तीने तो केस रंगवतो, तरुणांचे बूट घालतो, दोन-दोन पायऱ्या ओलांडत जिना चढू पाहतो आणि मध्येच कठडा धरून उभा राहतो. कार्यालयातली, लेकीच्या वयाची एक सहकारी त्याच्या कानामागचा रंग रुमालाने पुसते. “काका, केसांबरोबर कानही तरुण करायचा होता का?” सभागृह खदखदून हसले. मला मात्र पडदा दिसेना.

“आजोबा, रडताय? अहो, विनोदी आहे हा!”

“डोळ्यांत औषध आहे.”

“ते मी सकाळी घातलंय. आता चार वाजलेत.”

आठ महिन्यांत तू आला नाहीस. कामाचा व्याप असेल, असे मी शेजाऱ्यांना सांगतो.

आठ महिन्यांपूर्वी तू शेवटचा आलास, त्या दिवशी माझे पारायण चालू होते. अध्याय अर्ध्यावर सोडायचा नाही, हा माझा पन्नास वर्षांचा नेम. मी हातानेच तुला बसावयास खुणावले. तुझ्या कानामागचा काळा डाग मला दिसला होता. ओठांवर पोथी होती, आणि मनात मी टोमणा जुळवीत होतो: ‘या वयात ही रंगरंगोटी कुणासाठी?’ अध्याय संपताच म्हणायचे ठरविले होते. तू बसलास, उठलास, पुन्हा बसलास. मग “विशेष काही नाही, बाबा. चालू द्या तुमचं,” म्हणून गेलास. मी अध्याय पूर्ण केला. नेम मोडला नाही याचे मला समाधान वाटले, हेही लिहिलेच पाहिजे.

अध्याय कोणता होता, सांगू? ज्यात खचलेला शिष्य धनुष्य टाकून रथात बसतो. त्याचे अंग कापते, तोंडाला कोरड पडते, आणि देव त्याचे सारे ऐकून घेतो. मध्ये एका शब्दानेही अडवीत नाही. आयुष्यभर मी लोकांना याचा अर्थ उलगडून सांगितला.

परवा सूनबाईंना फोन केला. तेवीस वर्षे ज्या कचेरीत तू इमारतींचे आराखडे काढलेस, तिने तुला घरी बसविले होते. महिनाभर तू डबा घेऊन निघत होतास आणि वाचनालयात बसून परतत होतास. त्या सकाळी दुसरीकडे मुलाखत होती. तिथेही नकार मिळाला आणि तू तसाच माझ्याकडे आलास. आताही तू फारसा बोलत नाहीस, म्हणाल्या.

माझी मैत्रीण म्हणाली, “फोन करा ना त्यांना!” मी म्हटले, फोनवर मी प्रवचन सुरू करतो. ती हसली. “मग पत्रात उपदेश नको, आजोबा. एक प्रश्न विचारा फक्त.”

आठवून पाहिले. तुला मी पाठांतर विचारले, गुण विचारले, उशीर का झाला ते विचारले. याखेरीज काही विचारल्याचे स्मरत नाही.

काल तोच अध्याय वाचावयास घेतला आणि मध्येच थांबलो. पोथी तशीच उघडी आहे. ये. मी कोणत्याही ओळीवर असलो तरी बोलावयास लाग. तुझ्या त्या दिवशीच्या येण्याचे कारण मला कळले आहे. पण ते तुझ्या तोंडून ऐकावयाचे आहे.

त्या दिवशी तू मला काय सांगावयास आला होतास, बाळ?

मध्ये न बोलण्याचे वचन देणारा,
तुझा बाबा