भरावबंदीचं कलम

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी थोडं धीटपणे बोलायला हरकत नसावी. तुमचा संस्कृतचा विद्यार्थी सध्या कायदे लिहितो. म्हणजे एका आमदारांसाठी विधेयकांचे मसुदे लिहितो. ते आपल्या भागातले नाहीत, सज्जन आहेत, आणि हवामानबदलाची त्यांना खरोखर काळजी वाटते. अधिवेशन नसलं की जरा जास्तच वाटते.

अजून डोळ्यांसमोर दिसतं: पनवेलच्या तुमच्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसून भाषांतर करतो आहे आणि तुम्ही वाल सोलता आहात. जिथे अर्थ लागत नाही तिथे मी ‘यथायोग्य’ असं घालून पुढे सरकतो. तुम्ही सालं बाजूला सारून म्हणता, “यथायोग्य म्हणजे तुला ठाऊक नाही, एवढंच ना? मग तसं लिही.” मिठागरातल्या पोराला संस्कृत कशाला, म्हणून शेजारी हसायचे. तुम्ही त्यांनाही वाटीभर बिरडं पाठवायचात.

यंदाच्या विधेयकात चौथं कलम मी असंच सरळ लिहिलं: खाडीकाठच्या सखल जमिनीवर यापुढे भराव टाकता येणार नाही. ते कळताच थोरला भाऊ करंजाड्याला माझ्या घरी आला. आमचं मिठागर भूसंपादनात गेल्यापासून त्याचे डंपर आहेत. त्याच भरावासाठी मुरूम वाहतात.

“पानी कुनाच्या घरात शिरतंय, दादा?” मी विचारलं.

“आमच्याच. उधानाला चूल इजते, मना ठाव हाय.” त्याने कप खाली ठेवला. “पन जमीन गेली तवा तुजा कायदा कुटं व्हता? आता डंपर बंद केलंस तं पोरा काय खातील, संस्कृत?” मग खिडकीतून खाली बघत म्हणाला, “आनि ही तुजी बिल्डिंग? हितं आमी मासं धरायचो.”

मी त्याला आणखी चहा विचारला.

आमदारसाहेब म्हणाले, “‘शक्य असेल तेथे’ एवढं घाला ना. कारखानदार, बिल्डर, शेतकरी, सगळे येऊन गेले. मसुदा वाईट असं कुणीच म्हणालं नाही. फक्त सुरुवात आमच्यापासून नको म्हणतात.” मी नाही म्हणालो. “बरं, असू द्या तसंच,” ते म्हणाले, आणि इतक्या सहज म्हणाले की मी चपापलो.

तुम्हाला आमची रीत ठाऊक नसेल. आमदाराने स्वतःहून मांडलेलं विधेयक शुक्रवारी, सभागृह रिकामं होत आलं की चर्चेला येतं. मंत्री उठून सांगतात की शासन लवकरच सर्वंकष कायदा आणणार आहे. त्या आश्वासनावर विसंबून आमदार आपलं विधेयक मागे घेतो. हट्ट धरला तर मतदान होतं, आणि नंतर पक्ष हिशेब विचारतो. साहेबांनी हट्ट धरला नाही. मागे घेतानाचं त्यांचं निवेदन मात्र फार सुरेख झालं. दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. भावाचा फोन आला, “वाचवलंस रं बाबा.” पुढच्याच अमावास्येला खाडी त्याच्या घरात गुडघाभर आली.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्न नाहीच, त्यामुळे एक सांगून टाकतो. मागे घेण्याचं ते निवेदन माझंच होतं. शुक्रवारी लिहिलेलं नव्हे. चौथ्या कलमाच्या आधी, पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेलं. ते तयार होतं, म्हणून तर कलम इतकं ठाम लिहायचा धीर झाला.