मागील परड्यातील खोलीस शेजाऱ्याची संमती मिळणेबाबत

दि. ९ मे १९६३

प्रति,
मा. सरपंचसाहेब,
ग्रामपंचायत खाजणकोंड,
जि. रत्नागिरी.

विषय : आजारी यजमानांसाठी मागील परड्यात एक खोली बांधण्याच्या परवानगीबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज. (उत्तर एकाचेही नाही.)

महोदय,

अर्जदारीण नर्मदा हरिश्चंद्र मयेकर सविनय कळविते की,

१. माझे यजमान मुंबईस गोदीत कामाला होते. क्षयाची बाधा झाल्याने ते दिवाळीपासून घरी आहेत. घरात लहान मुले. रोग्यास वेगळ्या, हवेशीर खोलीत ठेवावे असे सरकारी डॉक्टरांनी लेखी दिले आहे. आमचे घर म्हणजे माजघर आणि पडवी, त्यात वेगळे ते कुठे ठेवणार? म्हणून परड्यात दोन घरांमधल्या दगडी गडग्याला लागून कुडाच्या भिंतींची आणि वर माडाची झापे घातलेली एक खोली मागितली. माडी मागितली नव्हती. पावसाळ्यापूर्वी ती उभी राहणे जरुरीचे आहे.

२. ग्रामसेवकांनी नियम वाचून दाखवला, की गडग्याला लागून राहती खोली बांधायची तर पलीकडच्या शेजाऱ्याची लेखी संमती हवी. गडग्यापासून सरकावे तर विहीर आडवी येते, आणि विहिरीजवळ रोग्याची खोली चालत नाही, तोही नियमच. बरे, पलीकडचे शेजारी कोण? तर आपणच. मी आपल्या अंगणात आले तेव्हा आपण सुपारी कातरीत म्हणालात, "पंचायत काय म्हणता ता आधी बघूया गो." पंचायतीत आले तर आपणच खुर्चीवरून म्हणालात, "शेजाऱ्याची संमती आणा." आता मी कोणत्या दाजींच्या पाया पडायचे, अंगणातल्या आपल्या की खुर्चीवरच्या आपल्या, तेवढे लेखी कळवावे, म्हणजे चुकीच्या दारात फेरी होणार नाही.

३. गोठ्याला मात्र परवानगी लागत नाही असे समजले. म्हणून गाय पडवीत बांधली आणि यजमानांची खाट गोठ्यात नेली. आठवडा झाला नाही तोच नोटीस आली, की गोठ्यात माणूस राहत असल्याने तो विनापरवाना घर ठरतो, सबब माणूस हलवावा. गाय पडवीत राहते याबद्दल कोणाची काही तक्रार नाही. नशीब काढले हो तिने! यजमान नोटीस वाचून हसले आणि हसता हसता त्यांना उबळ आली. म्हणतात, "माका घरात घेव नको गो, पोरांका लागात." मग न्यावे कुठे? समुद्रात? नोटिशीत त्याचा खुलासा नाही.

४. खोलीची खिडकी आपल्या बाजूला नको, असे आपण आपल्या भावाकडून, बाबलीकडून, सांगून पाठवलेत. खिडकी मी ठेवत नाही. पण खोकला आताही गडगा ओलांडून आपल्याकडे येतोच आहे, तो बुजवायचा कसा? आपण आणि माझे यजमान मासे धरायच्या एकाच रापणीचा दोर ओढीत होतात. ते गावी आल्यापासून आपण एकदाही गडग्यापाशी येऊन "बरो आसस मां?" असे विचारले नाही. याचा मला संताप येतो. ते मात्र आपल्याबद्दल वाईट बोलू देत नाहीत.

५. शेवटचे. वाडीची रीत आपणांस ठाऊकच आहे. माणूस गेला की तिरडीचे बांबू घरच्यांनी कापायचे नसतात, शेजाऱ्याने आपल्या बेटातले आणून द्यायचे. उद्या तशी वेळ आली तर आपण बांबू खांद्यावर घेऊन सर्वांआधी आमच्या दारात उभे राहाल, याविषयी मला शंका नाही. तेव्हा ना पंचायत आड येणार, ना गडगा.

तरी विनंती एवढीच, की ते बांबू आताच द्यावेत. खोलीच्या कुडाला लागत आहेत.

आपली नम्र,
गडग्याअलीकडची,
नर्मदा हरिश्चंद्र मयेकर

सोबत :
१. डॉक्टरांचा दाखला.
२. खोलीचा नकाशा (खिडकी खोडून).
३. शेजाऱ्याचे संमतिपत्र (कोरे, सही आपण करावयाची आहे).