मनोऱ्यावरच्या गोळ्यातला कागद

आल्टेनरोडे, १२ सप्टेंबर २०२४

प्रिय रेनाटे,

तुझी तब्येत बरी असेल. माझा गुडघा कुरकुरतो, पण पाहुण्यांना जुन्या गावातून हिंडवण्यापुरता चालतो. यंदा आलुबुखार उदंड आलेत. आईच्या पद्धतीचा केक दोन दिवसांआड करते आणि एकटीच संपवते.

चर्चच्या मनोऱ्याची डागडुजी चाललीये. टोकावरचा सोनेरी गोळा रविवारी खाली उतरवला. आपल्याकडची रीत तुला काय सांगायची? काम झालं की त्या वेळच्या लोकांनी कागद लिहून गोळ्यात ठेवायचा आणि पुढच्यांनी तो चौकात उघडून वाचायचा. यंदा निघाला तो १९८६चा, तुझ्या हातचा.

सगळं गाव चौकातल्या रोलांडच्या दगडी पुतळ्याभोवती जमलेलं. मी नवा कोट घालून अगदी पुढे. पाद्रीबाई वाचत होत्या. त्या साली बटाटे किती कमी पिकले, कौलं कुठून आणली, सुताराच्या कुत्र्याचं नाव काय, सगळं होतं. मग आलं, "भिंतीवरचं संत क्रिस्टोफरचं चित्र रेनाटे फॉगेल हिने तीन उन्हाळे एकटीने राबून पुन्हा उजळवलं."

एकटीने.

म्हातारा लोथार सुतार माझ्याकडे बघत म्हणाला, "पाद्रीबाई, कागद उलटून बघा की. हेडरूनचं नाव मागं असेल."

त्यांनी उलटला. मागची बाजू कोरी.

"असू दे, लोथार," मी म्हटलं, "तुझ्या कुत्र्याचं आलंय, पुष्कळ झालं." लोक हसले, मीही हसले. घरी येऊन कोटसुद्धा न काढता रडले.

माझा नवरा सीमा ओलांडून पश्चिम जर्मनीत पळाला तेव्हा तू म्हणालीस, "पळालेल्याच्या बायकोचं नाव चर्चमधल्या चित्राखालच्या पाटीवर नको, सरकार माझं काम काढून घेईल." सख्खी बहीण सांगतेय म्हणून मी मानलं. परांचीवर पाव खाता खाता तूच म्हणाली होतीस, "वर गोळ्यात दोघींची नावं लिहीन. तिथं कोण चढतंय वाचायला?" खरंच कोण चढणार होतं गं? मग तू भ्यालीस तरी कुणाला?

अडतीस वर्षं त्या भिंतीपुढे उभी राहून मी पाहुण्यांना तुझं नाव सांगत आले. बाळाला नदीपार नेणाऱ्या क्रिस्टोफरचे पाण्यातले पाय मी रंगवलेले, मासे माझे. कुणी विचारलं, "तुम्हीही रंगवता का?" तर म्हणायची, "छे, मी नुसती बडबडते." मग बाहेर येऊन सगळ्यांना मनोरा दाखवायचा. तेवढ्यावर माझं भागायचं.

काल फोनवर तू म्हणालीस, "इतक्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसलीस?" म्हणजे तू विसरली नव्हतीस. मी फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं.

परवा शनिवारी गोळा पुन्हा वर चढेल. या वेळचा कागद लिहायचं काम पाद्रीबाईंनी मला दिलंय. तुझं नाव गाळावं असं फार वाटलं. पण क्रिस्टोफरचा चेहरा तुझा आहे, खांद्यावरचं बाळ तुझं आहे, आणि ते तू सुंदर केलंयस. मी लिहिलं, "चित्राचं काम रेनाटे फॉगेल आणि हेडरून क्लाम या दोघींनी केलं."

पाद्रीबाईंनी वाचून विचारलं, "सख्ख्या बहिणी, असं पुढे लिहायचं ना?"

मी नको म्हटलं.

हेडरून क्लाम