त्या खोलीत आपण चौघं

प्रिय ठकू,

परवा तुझा फोन मी मध्येच ठेवला, राग मानू नकोस. बाबा जागे होते आणि त्यांच्यासमोर मला बोलायचं नव्हतं. दावा मागे घे म्हणालीस, सरांनी मुद्दाम केलंय का म्हणालीस. मुद्दाम नाहीच केलं गं. तसं मी कुठे म्हणतेय?

बाबा आता चाकाची खुर्ची स्वतः ढकलतात. बाथरूमचा उंबरा काढून टाकलाय. समोरच्या इमारतीला रंग देताहेत, तर दिवसभर खिडकीत बसून त्या रंगाऱ्यांना नावं ठेवतात. पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारतात म्हणे. मला हसू येतं, आणि मग मी उठून स्वयंपाकघरात जाते. सगळा जन्म शिडीवर गेला त्या माणसाचा.

सरांच्या दवाखान्यात आपण किती विश्वासाने गेलो होतो. तू त्यांच्या हाताखाली शिकतेस म्हणून बाबांनी ठेवणीतला शर्ट घातला, काय सांगायचं ते वाटेत घोकलं. आधी पाठीचं सांगितलं. मग आवाज खाली आणून, मांड्यांच्या मध्ये बधिर झालंय, लघवी झालेली कळत नाही, तेही सांगितलं. तू शेजारी उभी, म्हणून भिंतीकडे बघत बोलले. सर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. स्नायू आखडलाय, शेक घ्या, आराम करा. दुखणं वाढलं म्हणून पुन्हा गेलो, तर शिडीवरच्या माणसांची कुरकुर चालायचीच, असं हसून म्हणाले. शेवटी पाय उचलेना तेव्हा मी त्यांना दुसरीकडे नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी टाचणी टोचून पाहिली आणि लगेच ऑपरेशनला घेतलं. मणक्यातली गादी सरकून नसा चेंगरल्या होत्या. आधी आणलं असतंत तर चालले असते, म्हणाल्या. आधीच तर नेलं होतं.

आता सर म्हणतात, बधिरपणाचं पेशंटने सांगितलंच नाही. पाय गेल्याचं बाबांना लागलं नसेल इतकं हे लागलंय. मी खोटारडा ठरलो का गं, एवढंच विचारत राहतात. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, मुलीला साक्षीला बोलावू. बाबांनी साफ नकार दिला. पोरीच्या पोटावर पाय आणायचा नाही म्हणाले.

काल वकीलबाईंचा फोन आला. सरांच्या बाजूने साक्षीला तू उभी राहणार आहेस. परवा बोललीस तेव्हा तुला हे माहीत असणार. मी रागावले नाही. म्हणजे रागावले, पण ते राहू दे. तुझ्या तोंडात मी शब्द घालणार नाही. जे ऐकलंस ते सांग, बस. बाबांना मी अजून काही बोलले नाही. ठकू येणार का सुनावणीला, असं सकाळपासून विचारताहेत. येणार म्हणून सांगितलंय. कुठल्या बाजूला बसणार, ते त्यांनी विचारलं नाही.

तुझीच,
आई